आत्या नावाचा थांबा

ते साल दोन हजार नऊ. मोबाइल फोनला तेव्हा बटणं होती, रस्ता चुकला की माणसं माणसांनाच विचारत होती, आणि शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात एकूण तीन संगणक होते. त्यातला एक नुसता चालू असल्यासारखा दिसायचा. त्या वर्षीच्या एका रविवारी, सकाळी न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळलेली खारू कुंड्यांना पाणी घालायला फाटकापाशी आली, तर एक उंच, किडकिडीत, चष्मेवाला तरुण तिच्या दाराच्या पायरीकडे टक लावून उभा.

तिच्याकडे नाही, पायरीकडे!

त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढं पिवळं यंत्र होतं. तो दोन पावलं उजवीकडे सरकला, यंत्रात पाहिलं, एक पाऊल मागे आला, पुन्हा पाहिलं. मग फाटकाच्या खांबाला हात लावून, जणू त्यालाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "नाही... इथंच आहे."

"काय इथंच आहे?" खारूनं विचारलं.

तो इतका दचकला की यंत्र कुंडीत पडलं. "बसथांबा," तो माती झटकत म्हणाला. "क्रमांक आठशे सतरा. यादीप्रमाणे तो बरोब्बर... तुमच्या पायरीवर आहे. दुसऱ्या पायरीवर."

खारूच्या हातातल्या झारीतलं पाणी तिच्याच पायावर सांडायला लागलं.

"खांब नाही, पाटी नाही, छत नाही, बाक नाही," तो वहीत टिपत म्हणाला. "म्हणजे थांबा नाही."

"आणि मी काय आहे?" वरच्या खिडकीतून आवाज आला.

ही आत्या. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं नोकरी झालेली, त्यामुळे समोर उभ्या माणसाशीही ती परगावी फोन लावल्यासारखी बोलायची. आईबापांच्या माघारी खारूला तिनंच वाढवलं. खारू हे नावही तिचंच. लहानपणी ही पोर सगळं गालात साठवून ठेवायची, गोळ्याही आणि गुपितंही, म्हणून खारूताई. पुढे ताई गळली आणि खारू राहिली.

"आजी, मी नकाशाचं काम..." तो वर पाहत सुरू झाला.

"आजी कोणाला म्हणतोस रे? हा थांबा माझ्या नावाचा आहे. आत्या! चौदा नंबरच्या कंडक्टरला विचार जा. सतरा अर्ज केले होते मी बसकचेरीला, तेव्हा कुठे झाला."

"बरं, आत्या. पण खांब..."

"खांब नाहीये, पण बस आहे. तुला प्रवास खांबावरून करायचाय का?"

तो हसला. चष्मा काढून पुसला, आणि तेव्हा कुठे त्यानं खारूकडे पाहिलं. टॉवेल, झारी, ओला पाय, सगळं एका नजरेत. त्याचे डोळे चष्म्याशिवाय फार गोंधळलेले आणि फार सुंदर दिसत होते... आणि खारूच्या मनात त्या क्षणी एकच विचार होता, की आपली नोकरी गेली.

त्याचं असं झालं होतं. चार वर्षांपूर्वी कचेरीत संगणक आले तेव्हा खारू नुकतीच हंगामी कारकून म्हणून लागली होती. थांब्यांची यादी कशी भरायची हे शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं, "चाचणी म्हणून एक खोटा थांबा भरून बघा, मग पुसून टाका." खारू जागा मोजायचं यंत्र सरावासाठी घरी घेऊन आली होती आणि पायरीवर बसून एक नोंद केली होती. तीच तिनं भरली. नाव काय द्यायचं? आतून हाक आली होती, "आत्या जेवायला वाढतेय गं!" तिनं लिहिलं, आत्या. पुसायच्या आधी वीज गेली. वीज रात्री आली, आणि सकाळी ती पोचायच्या आत साहेबांनी यादी मंजूर करून मोहोरबंद केली होती.

पुढच्या सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरची बस, जी आजवर त्यांच्या दारावरून धूळ उडवत जायची, ती दाराशी येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला, "आत्या! चला, आत्या उतरा!" कोणी उतरलं नाही. पण आत्या खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं, आपल्या अर्जांना यश आलं. ती पर्स घेऊन खाली धावली आणि बसमध्ये चढून बसली, कुठे जायचं हेही न ठरवता.

चुकीची दुरुस्ती करायला अर्ज लागे, अर्जात कारण लागे, आणि कारण तर एकच होतं. खारूनं ते गालात ठेवलं. उताराच्या तळाशी असलेल्या जुन्या थांब्यावरून चढ चढून येणारी सगळी गल्ली आता आत्यावर उतरायला लागली. गुडघे धरलेले मास्तर, शिवलेल्या कपड्यांची गाठोडी घेऊन जाणाऱ्या शेजारच्या वहिनी, सगळेच. तिकीट मागताना माणसं "एक आत्या द्या" म्हणायला लागली. आत्या गल्लीतून मान ताठ करून चालायला लागली. आता कोणाला काय सांगणार? आणि खारूच्या कायम होण्याचा हुकूम येत्या वर्षअखेरीस निघायचा होता. असं सगळं जुळून आलेलं, आणि त्यात हा पिवळं यंत्र घेऊन दारात!

सोमवारी साहेबांनी खारूला बोलावलं. विभागात हेडक्लार्क मोठ्या बाई होत्या, म्हणून खारू छोट्या बाई.

"छोट्या बाई, हे नकाशावाले. लोकांनी लोकांसाठी केलेला फुकट नकाशा आहे म्हणे. आपले सगळे थांबे त्यात घालायला मी परवानगी दिली, एक हजार चारशे बारा. पण यांना ती यादी तशीच्या तशी नको. यांना प्रत्येक थांबा डोळ्यांनी बघायचाय!"

खुर्चीत तो बसला होता. तिला पाहून अर्धवट उठला. "अरे... पायरी!"

"योगायोग," खारू घाईनं म्हणाली.

"किती छान! कचेरीत काम आणि दारातच थांबा."

त्यानं ते मनापासून म्हटलं. पुढे तिला कळलं, त्याचा स्वभावच असा. आकड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, माणसांवर मात्र पटकन बसायचा.

"साहेब, तुमची यादी सरळ ओतली असती तर घोटाळा झाला असता," तो म्हणाला. "एक्केचाळीस थांबे तलावात आहेत."

"तलावात?" साहेब.

"मधोमध. मोजणी करणाऱ्यानं बहुतेक काठावर बसून चहा पीत पीत एक्केचाळीस वेळा बटण दाबलंय. थोडी यंत्राची चूक, बाकी आळस. उरलेले बहुतेक थांबे रस्त्याच्या बरोब्बर मध्ये. जायचा एका बाजूला असतो, यायचा दुसऱ्या बाजूला, हे यादीला माहीतच नाही."

मोठ्या बाई टाइप करायचं थांबवून हसायला लागल्या. साहेबांना हसू आलं नाही. "मग तुम्ही आणि छोट्या बाई मिळून बघा. रोज सकाळी दोन तास. शेवटी बैठक घेऊ, खोटे थांबे रद्द करू, आणि भरणाऱ्यांची चौकशीही करू."

खारूनं निमूटपणे नवी वही काढली.

तो नकाशावाला दिवसभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. नकाशाच्या कामात सगळे टोपणनावानंच वावरायचे. कोणी कासव, कोणी उंबरठा, एक आजोबा चक्क 'डावीकडे वळा' या नावानं. याचं नाव होतं पायपीट, आणि ते त्यानं कमावलेलं होतं. एका कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं दार चुकीच्या रस्त्यावर दाखवलंय म्हणून तो एकदा भर उन्हात दोन कोस परत गेला होता.

मग सकाळ-सकाळ दोघं चालायला लागले. प्रत्येक थांब्यावर तो विचारायचा आणि ती लिहायची.

"छत?"

"आहे. अर्धं."

"अर्धं असा रकाना नाही. आहे की नाही?"

"उंच माणसाला आहे, बुटक्याला नाही. तुम्हाला आहे, मला नाही."

तो तिच्याकडे बघायचा, मग छताकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "बाक?"

"आहे. त्यावर एक कुत्रं आहे."

"कुत्र्याचा रकाना नाही."

"मग तुमचा नकाशा अपुरा आहे."

"अपुराच असतो," तो म्हणाला. "म्हणून तर मी... म्हणून तर आपण रोज येतो."

'आपण' म्हणताना तो अडखळला, आणि तिनं वहीत उगाच एक रेघ ओढली.

शंभर थांबे झाले, तीनशे झाले. तिला कळलं की तो रस्ता ओलांडताना आपोआप तिच्या आणि गाड्यांच्या मध्ये येतो. त्याला कळलं की ती विचार करताना पेन्सिलीचं टोक कुरतडते, आणि तो तीन पेन्सिली खिशात ठेवायला लागला. तलावातले एक्केचाळीस थांबे त्यांनी एकेक करून बाहेर काढून कोरड्या जमिनीवर लावले. त्या सकाळी काठावर बसून दोघं शेंगदाणे खात होते. तो म्हणाला, "आज एक्केचाळीस जणांना बुडण्यापासून वाचवलं आपण," आणि ती इतकी हसली की शेंगदाणा घशात अडकला. त्यानं पाठीवर थोपटायला हात उचलला, तो तिथंच हवेत थांबला... आणि मग त्यानं तिला पाण्याची बाटली दिली.

"आठशे सतरा कधी करायचा?" तो अधूनमधून विचारायचा.

"शेवटी. घरचाच आहे, पळून थोडाच जातोय?"

एका दुपारी ती काहीतरी निमित्त काढून त्याच्या दुकानात गेली. निमित्त असं, की डोळे दुखतात. त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला.

"पहिली काच बरी की दुसरी?"

"दोन्ही सारख्याच."

"नीट बघा. पहिली... की दुसरी?"

तो इतका जवळ उभा होता की त्याच्या शर्टाला नवीन काचांच्या खोक्यांचा वास येतोय हे तिला कळत होतं. "मधून तुम्ही येताय," ती म्हणाली. "तक्ता दिसत नाही."

तो बाजूला झाला. कान लाल. "तुमच्या डोळ्यांत काहीही दोष नाही. शेवटची ओळसुद्धा वाचलीत."

"हो का?"

"मग दुखतात कशानं?"

"कोण जाणे. रोज दोन तास उन्हात फिरवलं की दुखत असतील."

"उद्यापासून टोपी आणतो," तो गंभीरपणे म्हणाला. आणि आणलीही. त्याच्या मापाची होती, तिच्या नाकापर्यंत यायची.

एवढं सगळं गोड चाललं होतं, पण आठशे सतरा ती रोज पुढे ढकलत होती. कारण यादीत खोटे थांबे सापडत होते. खांब नाही, मंजुरीचं पत्र नाही, बस थांबत नाही. पायपीट त्यांना भुतं म्हणायचा. "हे भुताचे थांबे भरणारा माणूस एकदा भेटायला हवा मला," तो म्हणायचा. "काय विचार करून भरले असतील?"

"कदाचित विचारच केला नसेल."

"तेच म्हणतो मी. लोक त्या यादीच्या भरवशावर उन्हात उभे राहतात हो!"

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता आठशे सतरा उरला. तो घरी आला. आत्यानं चहा टाकला, बिस्किटं काढली, आणि बिस्किटांबरोबर फाईलही काढली.

"हे बघ सतरा अर्ज. प्रत्येकाची पोच आहे."

त्यानं एकेक अर्ज आदरानं वाचला. नवव्या अर्जात आत्यानं साहेबांना चढ चढून दाखवण्याचं आव्हान दिलं होतं. "आणि मंजुरीचं पत्र?"

"पत्र कशाला? बसच आली की!"

"कधी आली?"

"चार वर्षांपूर्वी. संगणक आले ना कचेरीत, त्याच आठवड्यात. आमची खारू तेव्हा नवीनच लागली होती. हिला तर माहीतही नव्हतं, मीच हिला सांगितलं, अगं तुझ्याच कचेरीनं माझं ऐकलं!"

पायपीटनं कप खाली ठेवला. खारूकडे पाहिलं. खारू बिस्किटावरचे दाणे मोजत होती.

दोघं फाटकापाशी आले. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही भरलात?"

"हो."

"का?"

"चाचणी होती. वीज गेली. आणि मग... आत्याचा चेहरा बघितला." तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "वर्षअखेर मला कायम करणार आहेत. आणि तिला कळलं की अर्ज कोणी वाचलेच नाहीत तर ती... तुम्हाला भेटायचं होतं ना भुतं भरणाऱ्याला? भेटलात."

त्यानं वही मिटली. चष्मा काढला, पुसला, घातला, आणि गेला. त्या दिवशी त्यानं वहीत काहीच लिहिलं नाही.

बैठकीत साहेब, मोठ्या बाई, आगाराचे दोन अधिकारी आणि खारू होते. पायपीटनं उभं राहून अहवाल वाचला. एक हजार चारशे बारा थांबे पाहिले. "यांतले भुताचे... म्हणजे अस्तित्वात नसलेले थांबे अठरा."

अठरा! खारूनं मान वर केली. वहीत तिच्याच हातचे अठरा होते, आणि आठशे सतरा धरून एकोणीस. तो एकेक क्रमांक वाचत गेला. आठशे नऊ, आठशे तेरा, आणि थेट आठशे चाळीस. मध्येच रुमालानं कपाळ टिपलं. मग त्यानं अहवालाच्या तळाशी असलेलं वाक्य वाचलं, जे त्यांच्या नकाशात प्रत्येक कामाच्या शेवटी लिहावं लागे. "ही सर्व माहिती मी प्रत्यक्ष पाहून, खरी म्हणून देत आहे." आणि सही करायला पेन उघडलं.

ज्या माणसानं एका दारासाठी दोन कोस पुन्हा पायपीट केली होती, तो तिच्यासाठी खोटी सही करणार होता! खारूला कायम होण्याचा हुकूम डोळ्यांसमोर दिसत होता, नाव, शिक्का, सगळं. आणि ती उभी राहिली.

"साहेब, एक राहिला. आठशे सतरा. आत्या. तो मी भरलाय."

"बसा छोट्या बाई," साहेब हसले. "आत्या हे तर पुरातन ठिकाण आहे. परवा पाहुण्यांना मी स्वतः त्याचा इतिहास सांगितला."

"काय सांगितलात?" मोठ्या बाईंनी न राहवून विचारलं.

"की तिथं पूर्वी... एक आत्या होत्या."

"अजून आहेत, साहेब," खारू म्हणाली. "माझी आत्या आहे. पायरीही आमचीच आहे."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. दुपारपर्यंत दोन हुकूम निघाले. आठशे सतरा उद्यापासून रद्द. आणि खारूचं कायम होणं दोन वर्षं पुढे, तोवर बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत.

व्हरांड्यात पायपीटनं तिला गाठलं. "मी लपवला होता ना! कशाला बोललीस?"

"तू लपवलास म्हणूनच! तुला धड खोटं बोलता तरी येतं का? आठशे तेरानंतर घाम फुटला होता तुला!"

"माझं मी बघितलं असतं!"

"मला नाही बघवलं!"

दोघं थबकली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. समोरून मोठ्या बाई फायलींचा गठ्ठा घेऊन चालल्या होत्या. "भांडा, भांडा," त्या म्हणाल्या. "इथं हवा चांगली येते."

घरी जाऊन खारूनं आत्याला सगळं सांगितलं. चार वर्षं गालात ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. आत्या ऐकत राहिली.

"म्हणजे अर्ज कोणी वाचलेच नाहीत?"

"नाही गं आत्या."

"नववासुद्धा?"

खारूनं मान हलवली. आत्या उठली, फाईल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. दोन दिवस ती बोलली नाही. खिडकीतही आली नाही. बस दारावरून निघून जायची, गाठोडी घेतलेल्या वहिनी उतार उतरून जायच्या, आणि खारू हरवलेल्या छत्र्यांच्या खोलीत बसून एका पायाचा बूट कोणाचा असेल याचा विचार करायची. पायपीटचाही निरोप नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या ठेवणीतली साडी नेसून, पर्स घेऊन खाली आली. नऊ वाजून दहा मिनिटांनी फाटकाबाहेर उभी राहिली आणि हात आडवा केला.

"आत्या, थांबा रद्द झालाय!" खारू मागून ओरडली.

"ठाऊक आहे."

रस्त्याच्या पलीकडे, हातात पिवळं यंत्र घेऊन, पायपीट उभा होता. खारूनं त्याला पाहिलं आणि ती बोलायची थांबली.

चौदा नंबर आली. मिशीवाल्या चालकानं आत्याला पाहिलं, नजर सरळ समोर ठेवली, बस पुढे गेली... आणि दहा पावलांवर ब्रेक करकचले. चालकानं खिडकीतून डोकं काढलं.

"आत्या, हुकूम आहे हो. इथं थांबायचं नाही."

"मग थांबलास कशाला?"

चालकानं जरा विचार केला. "तुम्ही उभ्या होता."

"मी माझ्या दारात उभी आहे. कुठे उभं राहावं याला हुकूम लागत नाही. आता थांबलाच आहेस तर चढू का?"

ती चढली. मागून वहिनी गाठोडी घेऊन धावत आल्या. गुडघेवाले मास्तर आले. नऊ चाळीसची बसही थांबली, कारण तोवर तिथं आणखी चार माणसं उभी होती. आता कुठल्याही यादीत नाव नव्हतं, वीज गेली नव्हती, कोणाची चूक नव्हती. बस थांबत होती ती निव्वळ आत्यामुळे. संध्याकाळी ती उतरली तेव्हा तिची मान पूर्वीपेक्षा दोन बोटं जास्त ताठ होती. "अर्जांचं काय घेऊन बसलीस," ती खारूला म्हणाली. "हात आडवा करायला हवा होता पहिल्याच दिवशी."

पायपीट पाच सकाळी तिथं उभा राहिला. येणारी प्रत्येक बस, चढणारं प्रत्येक माणूस त्यानं टिपलं. सहाव्या दिवशी त्यानं नकाशात थांबा लावला, पायरीवर नाही, दहा पावलं पुढे, जिथं चाकं खरोखर थांबत होती तिथं. नकाशात कुठलाही बदल केला की तो का केला हे लिहावं लागतं, आणि ते जगात कोणालाही वाचता येतं, पुसता मात्र येत नाही. पायपीटनं लिहिलं:

"थांबा, नाव आत्या. बसकचेरीच्या यादीत नाही, पण आहे. पाच दिवस प्रत्यक्ष पाहिलं. खांब नाही, बाक नाही, छत नाही. आत्या आहे. आत्याची भाची आहे. भाची मला फार आवडते. हेही प्रत्यक्ष पाहून, खरी माहिती म्हणून देत आहे."

तासाभरात नकाशावाल्या सगळ्यांनी ते वाचलं. कासवनं खाली विचारलं, "शेवटच्या वाक्यांना पुरावा?" उंबरठानं लिहिलं, "समोरच्या बाजूनं दुजोरा मिळाल्याशिवाय नोंद पक्की धरू नये." 'डावीकडे वळा' आजोबांनी फक्त लिहिलं, "सरळ जा."

छत्र्यांच्या खोलीत संगणक नव्हता. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन खारूला हाताला धरून वर नेलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि दार लावून घेतलं. "वाच," त्या म्हणाल्या, आणि वाचताना खारूचं काय होतंय ते पाहत उभ्या राहिल्या. उत्तर द्यायचं तर खातं उघडावं लागत होतं, खात्याला टोपणनाव लागत होतं. खारूनं लिहिलं, भाची. मग तिनं बोटं कळफलकावर ठेवली.

"लिही की गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "साहेब येतील."

"काय लिहू?"

"ते मी सांगू?"

खारूनं लिहिलं, "नोंद तपासली. बरोबर आहे. मलाही तू आवडतोस, आणि हे मी कोणाच्याही दबावाशिवाय, साहेब यायच्या आत लिहीत आहे."

साहेब आले तेव्हा मोठ्या बाई डोळे पुसत होत्या आणि खारू खिडकीतून बाहेर बघत होती. त्यांनी विचारलं, काय झालं? मोठ्या बाई म्हणाल्या, "काही नाही साहेब. माहिती भरली."

पुढच्या वर्षी बसकचेरीची मूळ यादी यंत्र बिघडून नाहीशी झाली. तेव्हा साहेबांनी निमूटपणे लोकांच्या नकाशातून सगळे थांबे परत मागून घेतले. त्यात आत्याही परत आली, आणि या वेळी साहेबांनी सही करताना डोळे मिटले असं म्हणतात. निवृत्तीनंतर ते शहराच्या इतिहासावर व्याख्यानं द्यायला लागले. लोक हसतात, पण गर्दी करतात. मोठ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या बसकचेरीला रस्त्याच्या चुका पत्रानं कळवत राहिल्या. मिशीवाल्या चालकानं मिशी काढली, तेव्हा आठवडाभर त्याला कोणी ओळखलं नाही. वहिनींनी चौकात दुकान टाकलं आणि खारूच्या लग्नाचे कपडे एक पैसा न घेता शिवले.

आत्या त्यानंतर आठ वर्षं जगली. शेवटच्या वर्षी तिला चढवत नसे, तरी ती नऊ दहाला बाहेर येऊन बसायची. बस थांबायची, चालक चार शब्द बोलायचा, आणि आत्या म्हणायची, "जा आता, लोकांना उशीर होतोय." ती गेली त्या दिवशी तीन बसगाड्या एकामागोमाग एक उभ्या राहिल्या होत्या. उतरून आलेल्या माणसांना घरात जागा पुरेना.

खारू दोन वर्षांनी कायम झाली, आणि आज त्या विभागाची प्रमुख आहे. पायपीटचं आता स्वतःचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद ठेवून तो अजून चालायला जातो, आणि ती बरोबर असते. फक्त घरातल्या घरात त्याला काही सापडत नाही. चष्मा कुठे ठेवला, किल्ली कुठे ठेवली, रोजचं विचारणं. ती स्वयंपाकघरातून न बघता सांगते, "फ्रीजवर." आणि तो जाऊन बघतो, तर खरंच तिथं असतं.